उताराच्या वाटेनं

स्वारगेटपासून शनिवारवाड्यापर्यंत रस्ता हळूहळू उतरत जातो. डोळ्यांना दिसणार नाही इतका तो उतार सौम्य आहे, आणि गाडीवर बसलेल्याला तर तो कधीच जाणवत नाही. सायकलींचं पुणं ज्यांनी पाहिलं त्यांना मात्र तो पक्का ठाऊक होता. सकाळी पेठेत जाताना पायडल फारसं मारावं लागत नसे आणि संध्याकाळी परतताना मांड्या भरून येत, असं माझ्या आधीच्या पिढीतल्या कितीतरी जणांकडून मी ऐकलं आहे. सायकली गेल्या, आणि उतारही लोकांच्या बोलण्यातून गेला. मला तो सापडला चालताना.

मी सहकारनगरला राहते. घराबाहेर पडलं की वरच्या अंगाला तळजाईचं जंगल, उत्तरेला पर्वती आणि खालच्या अंगाला आंबिल ओढा. पुढे सरळ चालत राहिलं तर पेठा आणि पेठांच्या पलीकडे मुठा नदी. कामावर जाता-येता, भाजी आणायला, कधी नुसतंच, असं मी या सगळ्या भागात वर्षानुवर्षं चालत आले. पावसाळ्यात एका सकाळी आमच्या गल्लीतून वाहणारं पाणी कुठे जातंय ते बघत मी त्याच्यामागून निघाले, ती ओढ्याशी पोचले. तेव्हापासून चालण्याला एक दिशा मिळाली. हे पाणी येतं कुठून, जातं कुठे, आणि वाटेत कोणाच्या दारावरून जातं, हे बघत चालायचं. तसं चाललं की एरवी तुकड्यातुकड्यांत भेटणारं पुणं एकमेकांना जोडलेलं दिसू लागतं.

सुरुवात कात्रजपासून करायला हवी. कात्रजचा घाट ही नुसती साताऱ्याला जायची वाट नाही, ती पाण्याची वाटणी आहे. घाटाच्या पलीकडे, खेड शिवापूरच्या बाजूला पडलेला पाऊस शिवगंगेत जातो, तिथून गुंजवणीत आणि पुढे नीरेत. अलीकडे पडलेला कात्रजच्या तलावात, ओढ्यात, मुठेत आणि पुढे मुळा-मुठेतून भीमेत. नीराही शेवटी भीमेलाच मिळते, नीरा-नरसिंहपूरला. एकाच ढगातले दोन थेंब घाटमाथ्यावर वेगळे होतात आणि इतक्या लांब जाऊन पुन्हा भेटतात. घाटाच्या माथ्यावर उभं राहून दोन्ही बाजूंना पाहिलं की हे नकाशाशिवाय समजतं. तिथवर चालत जाणं आता कठीण झालं आहे, रस्ता रुंद झाला आणि पायी माणसाला त्यावर जागा उरली नाही. मी पायथ्यापर्यंत बसनं जाते आणि पुढे आतल्या वाटेनं चढते.

कात्रजला दोन तलाव आहेत. त्यातला खालचा प्राणिसंग्रहालयाच्या आवारात आहे. रविवारी वाघ बघायला आलेली मुलं तलावाच्या कडेनं पळत असतात, आणि त्यांच्या आयाबापांपैकी फार थोड्यांना ठाऊक असतं की अठराव्या शतकातलं पुणं इथलं पाणी पीत होतं. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, १७५०च्या सुमारास, इथून शनिवारवाड्यापर्यंत जमिनीखालून दगडी नळ बांधला गेला. नळ म्हणजे आज आपल्या डोळ्यांसमोर येते तशी तोटी किंवा पाइप नव्हे. माणूस आतून चालत जाऊ शकेल एवढा उंच, दगड-चुन्यात बांधलेला बोगदा. साधारण आठ किलोमीटर लांब. पंप नाही, रहाट नाही, मोट नाही. पाणी केवळ उतारानं पेठांत पोचायचं.

हे वाचून कळणं वेगळं आणि चालून कळणं वेगळं. कात्रजहून निघून धनकवडी, पद्मावती, स्वारगेट असं मी एकदा सबंध अंतर चालले, तेव्हा त्या बांधणाऱ्यांविषयी मनात जे आलं त्याला आदर हा शब्दही अपुरा वाटतो. उतार जास्त ठेवला तर पाणी जोरानं येऊन बांधकाम पोखरणार, कमी ठेवला तर गाळ बसून नळ तुंबणार. मध्ये ओढे, उंचवटे, खडक. आणि हे सगळं सांभाळत आठ किलोमीटर तो उतार एकसारखा राखायचा. ज्यांनी तो राखला त्या गवंड्यांची, पाथरवटांची नावं कुठे लिहून ठेवलेली मला आढळली नाहीत. नळ ठेवलेला आहे, तेवढा पुरावा.

या नळावर ठरावीक अंतरानं उच्छ्वास बांधले होते. वरून हवा आत जावी, आत दाब साठू नये, माणसाला उतरून गाळ काढता यावा, यासाठी. सातारा रस्त्याच्या आतल्या अंगाला असा एक उच्छ्वास मी जवळून पाहिला आहे. जमिनीवर डोक्याएवढं उंच, चौकोनी, काळ्या दगडाचं बांधकाम. त्याच्या एका कोपऱ्यातून पिंपळ उगवलेला, मुळांनी दोन चिरे बोटभर दूर सारलेले. चुन्याचा दर्जा असा की चिरे सरकले तरी चुना दगडाला धरूनच होता, नखानं खरवडला तर नख झिजलं. भिंतीला टेकून कोणीतरी दुचाकी लावली होती, वर कपडे वाळत होते. आत डोकावायला फट होती; तिच्यातून गार, ओलसर वास येत होता. समोरच्या दुकानातल्या माणसाला विचारलं, हे काय आहे हो? तो म्हणाला, "जुनं काहीतरी आहे ताई, देऊळ असेल. हात नाही लावत आम्ही." त्या उत्तराचा मला आनंदच झाला. काय आहे ते माहीत नसताना हात न लावण्याची बुद्धी टिकली, म्हणून तो उच्छ्वास टिकला. ज्यांच्या आजूबाजूला अशी भीड राहिली नाही ते इमारतींच्या पायात गेले.

नळाचं पाणी पेठांत येऊन हौदांत पडायचं. शनिवारवाड्यातलं सोळा पाकळ्यांचं हजारी कारंजं त्याच पाण्यावर उडत असे. पण मला कारंज्यापेक्षा हौदांची ओढ आहे. काळा हौद, बदामी हौद, साततोटी हौद, फडके हौद. रिक्षावाल्याला आजही ही नावं सांगितली की तो बरोबर नेऊन सोडतो. या नावांच्या मागून चालायचं तर दुपारची वेळ बरी, दुकानांची गर्दी थोडी ओसरलेली असते आणि वाड्यांच्या दिंडीतून आतलं दिसतं. काही हौद बुजले, काहींच्या वर बांधकाम झालं, काहींमध्ये अजून पाणी आहे. एका जुन्या हौदाच्या कडेला दगडावर खोलगट खळी पडलेली मी पाहिली आहे. घागर टेकवून टेकवून पडलेली ती खळी, ओंजळीएवढी. किती बायकांनी किती वर्षं तिथे घागर टेकवली तेव्हा काळ्या दगडाला ती पडली, याचा विचार करत मी तिथे बराच वेळ उभी होते.

आणि मग दुसरा विचार येतो, तो टाळता येत नाही. त्या बायकांत कोण होत्या आणि कोण नव्हत्या? उतारानं येणारं पाणी सगळ्यांच्या दारावरून गेलं तरी सगळ्यांना ते भरता येत नव्हतं. म्हणून माझी पेठांमधली फेरी गंज पेठेत, फुले वाड्यापर्यंत गेल्याशिवाय संपत नाही. जोतीराव फुल्यांनी १८६८ साली आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. आज हे वाक्य शाळेच्या पुस्तकातलं वाटतं. पण कात्रजपासून पाण्याच्या मागे चालत येऊन, ते कसं आणलं, कुठल्या वाड्यांत खेळवलं हे पायांनी मोजून मग त्या अंगणात उभं राहावं. शंभराहून जास्त वर्षं शहरात वाहतं पाणी होतं, आणि ते काही माणसांना मिळण्यासाठी एका माणसाला स्वतःच्या घरचा हौद उघडावा लागला. नळ बांधणाऱ्यांचं कौशल्य जेवढं खरं, तेवढंच हेही खरं. दोन्ही एकाच फेरीत भेटायला हवं असं मला ठामपणे वाटतं.

फुल्यांच्या वाड्यापासून बुधवार पेठेतला बाहुलीचा हौद फार लांब नाही. नामवंत शल्यचिकित्सक आणि फुल्यांचे सहकारी डॉ. विश्राम रामजी घोले यांनी तो आपल्या लहानपणीच गेलेल्या मुलीच्या, काशीच्या आठवणीसाठी बांधला आणि सर्व जातींना खुला ठेवला. तिला घरात बाहुली म्हणत. डॉक्टर मुलीला शिकवत होते, ते न रुचलेल्या नातलगांनी खाण्यातून काचा घालून तिला मारलं, असं सांगतात. घोले रोडवरून रोज हजारो माणसं जातात, तो रस्ता याच घोल्यांच्या नावाचा. त्या रस्त्यावरून जाताना मला बाहुली आठवते.

पूर्वेला नागझरी. जुन्या पुण्याची एक शीव हीच होती, कसब्याच्या आणि सोमवार-रास्ता पेठेच्या मधून वाहणारी. आज तिच्या काठानं चालणं सोपं नाही. दोन्ही बाजूंनी घरांच्या पाठी तिच्याकडे, आणि पाण्याला जो वास येतो त्यानं नाक धरावं लागतं. तरी त्रिशुंड गणपतीसाठी मी त्या बाजूला जाते. अठराव्या शतकातलं, गोसाव्यांनी बांधलेलं हे देऊळ. तीन सोंडांचा मोरावर बसलेला गणपती बघायला लोक येतात, पण दर्शनी भिंतीकडे नीट पाहावं. तिथे गेंड्याला साखळदंडानं बांधणारे बंदूकधारी गोरे शिपाई कोरले आहेत. इंग्रजांनी बंगाल जिंकला त्या प्लासीच्या लढाईच्या आगेमागे पुण्यातला पाथरवट हे कोरतो, म्हणजे बंगालकडची बातमी या झऱ्याच्या काठापर्यंत आली होती. देवळाच्या तळघरात पाणी साठतं, आणि गुरुपौर्णिमेच्या सुमारास ते उपसून खालची समाधी दर्शनाला खुली करतात. वर नागझरीचा नाला झाला तरी खाली जमिनीतलं पाणी आपली पातळी विसरलेलं नाही.

आता माझा ओढा. आंबिल ओढ्यावर मला सगळ्यात जास्त लिहावंसं वाटतं, कारण तो माझ्या घराजवळचा आहे आणि कारण त्याच्याविषयी आम्ही सगळे गाफील होतो.

तो कात्रजच्या डोंगरात उगवतो, तलावांतून खाली येतो आणि धनकवडी, पद्मावती, अरण्येश्वर, सहकारनगर, दांडेकर पूल करत मुठेला मिळतो. त्याची मूळ वाट ही नव्हती. पूर्वी तो आजच्या मध्यवस्तीतल्या पेठांच्या जागेवरून वाहत नदीला मिळायचा. नानासाहेबांच्या काळात पर्वतीच्या पायथ्याशी तो अडवून तळं केलं, त्याचा प्रवाह पश्चिमेला वळवला आणि मोकळ्या झालेल्या जमिनीवर पेठा वाढल्या. तळ्याच्या मधल्या बेटावर सवाई माधवरावांच्या काळात, १७८४ साली, गणपती बसला. तो तळ्यातला गणपती. पुढे तळं आटवलं आणि तिथे सारसबाग झाली. सारसबागेत हिरवळीवर बसलेल्या माणसाला आपण तळ्याच्या तळाशी बसलो आहोत हे सहसा लक्षात येत नाही. पर्वतीच्या एकशे तीन पायऱ्या चढून वर गेलं आणि खाली पाहिलं की मात्र तो खोलगट भाग लगेच ओळखू येतो. पुण्याची शाळकरी मुलं पर्वतीवर सहलीला येतात तेव्हा त्यांना वर देवळं आणि संग्रहालय दाखवतात. त्यांना कठड्याशी उभं करून "सांगा, तळं कुठे असेल?" एवढंच विचारावं. मी शेजारच्या मुलांना विचारलं आहे, आणि मुलं बरोबर बोट दाखवतात.

२५ सप्टेंबर २०१९ची रात्र या भागातला कोणीही विसरणार नाही. संध्याकाळपासून पाऊस होता, रात्री तो कोसळायला लागला. आमच्या इमारतीपर्यंत पाणी आलं नाही, पण आवाज आला. ओढ्याचा तो आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता. घरघरीसारखा, आणि मधूनच लोखंड घासल्यासारखा. सकाळी खाली गेले तेव्हा तो घासण्याचा आवाज कशाचा होता ते दिसलं. मोटारी एकमेकींवर चढल्या होत्या, एक भिंतीवर उभी टेकली होती. अरण्येश्वरजवळच्या टांगेवाला कॉलनीत भिंत कोसळून माणसं गेली. एरवी जो ओढा आम्ही नाला म्हणून नाक मुरडून ओलांडायचो, त्यानं एका रात्रीत आपली रुंदी परत मागितली. काठावर भराव टाकून, भिंती घालून, पुलांच्या मोऱ्या अरुंद ठेवून ती त्याच्याकडून काढून घेतली होती. कागदावर हे कोणी, कधी, कशाच्या परवानगीनं केलं ते वेगळे लोक शोधतील. मला चालताना एवढंच दिसतं की ओढ्याचं पात्र एका जागी मोकळं आणि पन्नास पावलांवर गल्लीएवढं होतं. पाण्याला हे कसं कळावं?

त्या पुरानंतर मी ओढ्याच्या कडेनं ठरवून चालायला लागले. सलग वाट नाही. दर थोड्या अंतरावर कुंपण, भिंत, कोणाचं तरी मागचं अंगण. मग रस्त्यावर यायचं, वळसा घालायचा, पुढच्या पुलावर पुन्हा भेटायचं. पुलाच्या कठड्यावरून वाकून पाहायचं, पाणी किती, गाळ किती, कोणी राडारोडा टाकलाय का. अशा पुलांवर मला इतरही माणसं भेटतात. खालच्या वस्तीतल्या एक बाई पावसाळ्यात रोज संध्याकाळी येऊन कठड्याच्या एका ठरावीक दगडाकडे बघतात. "हा दगड बुडाला की पोरांना घेऊन दीराकडं जायचं, आमचं ठरलंय," त्या म्हणाल्या. कोणत्याही सूचनाफलकापेक्षा मला त्या दगडाचा भरवसा वाटतो.

ओढा उतरतो, पण कालवा उतरत नाही. खडकवासल्याहून निघालेला मुठा उजवा कालवा डोंगराच्या कुशीला धरून, जवळजवळ सपाटीनं शहरातून जातो आणि पुढे दौंड-इंदापूरच्या शेतांकडे. म्हणूनच पहाटे फिरणाऱ्यांना कालव्याचा काठ आवडतो, गुडघ्यांना त्रास नाही. वडगावपासून पर्वतीपर्यंतच्या पट्ट्यात पहाटे निवृत्त मंडळींची चांगली वर्दळ असते. पण उंची धरून ठेवणारं पाणी डोक्यावरचं पाणी असतं, हे तिथून चालताना दिसतं: एका हाताला भरून वाहणारा कालवा आणि दुसऱ्या हाताला खाली, पत्र्यांच्या छपरांची वस्ती. २७ सप्टेंबर २०१८ रोजी जनता वसाहतीजवळ कालव्याची भिंत फुटली तेव्हा भर दिवसा, पाऊस नसताना दांडेकर पुलापर्यंतची घरं पाण्यात गेली.

बांध फुटून आलेला पूर म्हटलं की पुण्यात खरं तर एकच तारीख. १२ जुलै १९६१. पानशेतचं मातीचं धरण पूर्ण व्हायच्या आधीच भरलं, सैन्याच्या जवानांनी वाळूची पोती रचून शर्थ केली, तरी सकाळी ते फुटलं. तो लोंढा खडकवासल्याला आला आणि १८७०च्या दशकात बांधलेलं तेही धरण गेलं. शनिवार, नारायण, कसबा या पेठांच्या नदीकडच्या भागात आजही काही भिंतींवर पाण्याची खूण आहे. माझ्या डोक्याच्या कितीतरी वर. रस्त्यावर उभं राहून मान वर करून ती रेघ बघायची आणि मग वळून नदी कुठे आहे ते बघायचं. नदी दिसतही नाही, इतकी लांब.

नारायण पेठेतल्या एका वाड्यात मी अधूनमधून एका आजींकडे जाते. नात्याच्या नाहीत, पण मी त्यांना मावशी म्हणते. त्यांना मी एकदा विचारलं, "मावशी, इथे कुठवर आलं होतं हो पाणी?"

त्या उठल्या, जिन्यापाशी गेल्या, हातानं दाखवलं. "ही पायरी. वरची कोरडी होती. माझी सासू त्या वरच्या पायरीवर बसून देवाला म्हणाली, एवढी ठेव."

"आणि मग?"

"मग ओसरलं. संध्याकाळनंतर. चिखल असा होता की महिनाभर काढत होतो. आणि अगं, एवढं पाणी आलं ना, पण प्यायला थेंब नाही. नळ बंद. धरणच नाही तर नळाला कुठून येणार? आमच्या वाड्यातल्या विहिरीनं जगवलं. आधी सगळा गाळ उपसला पुरुषांनी, मग सगळी गल्ली तिच्यावर."

ती विहीर अजून आहे. वर लोखंडी जाळी आहे, जाळीवर कुंड्या ठेवल्यात. मावशींनी एक कुंडी सरकवून मला आत बघायला लावलं. पाणी वर होतं, हातभर खाली, स्वच्छ. वाड्याच्या पुनर्विकासाची बोलणी चालू आहेत असं त्या म्हणाल्या, आणि विहिरीचं काय करणार असं मी विचारल्यावर, "बुजवतील गं, पार्किंगला जागा लागते," असं अगदी साध्या आवाजात म्हणाल्या. त्या पुरात घरं गेलेल्यांपैकी कितीतरी जण पुढे गोखलेनगरला अर्धगोल पत्र्यांच्या निसन हटमध्ये राहिले. आज पुण्याचा जो विस्तार आपण बघतो त्यातल्या काही वसाहती त्या एका सकाळच्या पाण्यानं वसवलेल्या आहेत. तिथल्या गल्ल्यांतून चालताना कोणाशीही पाच मिनिटं बोललं की मूळ पत्ता नदीकाठच्या पेठेतला निघतो.

टेकड्यांवर मी पावसाळ्याच्या तोंडाशी जाते. लोणावळ्याला वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि पुण्यात येईपर्यंत त्याचा सातशे-साडेसातशे होतो. म्हणून इथल्या टेकड्या उन्हाळ्यात अगदी गवताच्या काडीपर्यंत वाळतात, आणि पहिल्या पावसाला त्यांचं उत्तर फार झटपट येतं. तळजाईला किंवा वेताळ टेकडीवर मृगाच्या दोन सरी झाल्या की लाल मखमली मृगाचे किडे मातीवर फिरताना दिसतात, चार-सहा दिवसांतच नाहीसे होतात. पावशा ओरडत असतो. बसाल्टच्या भेगांत पाणी शिरायला लागतं, आणि पुढे दिवाळीपर्यंत पायथ्याच्या कुठल्यातरी भिंतीतून ते झिरपत राहतं. वेताळ टेकडीच्या माथ्यावरही कात्रजच्या घाटासारखीच वाटणी आहे: कोथरूडच्या बाजूचं पाणी मुठेला, पाषाणच्या बाजूचं राम नदीतून मुळेला. टेकडीला भोक पाडावं की कापावं की तिच्यावरून रस्ता न्यावा याच्या चर्चा पुण्यात सतत चालू असतात. मी अशा सभांना जाते आणि माझं मत तिथे स्पष्ट मांडते: टेकडी म्हणजे रिकामी जागा नाही, खालच्या विहिरी आणि बोअर तिच्यावर भरतात. जे रोज तिथे चढतात त्यांना हे पटवावं लागत नाही.

मुळा आणि मुठा भेटतात त्या संगमाशी मी हिवाळ्यात जाते, पुढे बंडगार्डनपर्यंत. येरवड्याच्या बाजूच्या काठावर झाडी आहे, तिथे सकाळी दुर्बीण घेतलेली माणसं दिसतात, आणि पाण्याची अवस्था एवढी वाईट असूनही पक्षी येतात. काठ बांधून काढण्याचं काम या पट्ट्यात सुरू झालं तेव्हापासून मी काठावरची झाडं ओळखून ठेवायला लागले आहे: करंज, वाळुंज, उंबर, बाभूळ. वाळुंज तर पाण्याशिवाय राहतच नाही, मुळं ओल्यात असावी लागतात. काठ सरळ, सिमेंटचा झाला की पहिली गच्छंती त्याची. काठावर माणसांना चालायला जागा मिळावी ही मागणी माझीही आहे, मनापासून आहे. पण चालायला पायवाट पुरते. ओढ्यानं २०१९ला जे दाखवलं ते नदीबाबत पुन्हा बघायची माझी तयारी नाही.

यंदा राम नदी चालायची आहे. ती भुकूमजवळ खाटपेवाडीच्या बाजूला उगवते, भूगाव, बावधन, पाषाण, बाणेर करत औंधला मुळेला मिळते. माझी भाची बाणेरला राहते. तिच्या सोसायटीच्या मागच्या भिंतीपलीकडे जे वाहतं ते नाला नसून नदी आहे, हे तिला आम्ही दोघी भिंतीवरून वाकून बघत असताना कळलं, आणि तीच म्हणाली, "मावशी, उगमापासून चालूया का?" सगळा काठ सलग मिळणार नाही हे मी तिला सांगून ठेवलंय, जिथे अडेल तिथे लोकांना विचारत जायचं. पावसानं चार दिवस उघडीप दिली की सकाळी लवकर पौडच्या दिशेची बस धरायची. पाण्याची बाटली, जुने बूट, वही. भाचीनं तिच्या दोन मैत्रिणींनाही कळवलंय, आणि त्यांच्यापैकी एकीच्या आजोबांना पाषाणच्या बाजूची जुनी विहीर ठाऊक आहे म्हणे. तर आधी त्यांच्याकडे जाऊन वाट विचारून यायचं आहे.